ओव्हनशिवाय चीजकेक सेट का होत नाही, आणि चक्क्यानं तो कसा होतो

ताई, तुम्ही लिहिलंय की घरात ओव्हन नाहीये, मार्चमधे मुलीचा दहावा वाढदिवस आहे, बारा-तेरा पोरं येणार, सासूबाईंना जिलेटिन चालत नाही म्हणून मागच्या वेळी चायना ग्रास (पदार्थ जमवायला घालतात तो अगर-अगर) घालून नो-बेक चीजकेक केला तर आत रबरासारख्या गुठळ्या, कडेनं पाणी सुटलेलं आणि खालचा बिस्किटाचा थर ओला होऊन सगळं चमच्यानं वाढावं लागलं. आणि विचारलंय की नक्की चुकलं काय, आणि महागाचं क्रीम चीज न आणता घरच्या घरी काही सोपं जमेल का.

जमेल, आणि फार छान जमेल. मी चौदा वर्षं झाली नाशिकमधे घरून गोडाच्या ऑर्डरी घेते, त्यात ओव्हन न लागणारे प्रकार जास्त, कारण सुरुवातीची चार वर्षं माझ्याकडेसुद्धा ओव्हन नव्हता. गुठळ्यांचं कारण वेगळं आहे, ते पुढे सांगते, पण बाकी दोन तक्रारींचं मूळ एकच आहे, ते म्हणजे पाणी. भट्टीतला चीजकेक अंड्यामुळे आणि उष्णतेमुळे घट्ट होतो, आपल्या या प्रकारात शिजणं काहीच नाही, त्यामुळे आत जेवढं मोकळं पाणी शिल्लक राहील तेवढा तो सैल राहणार. मग तुम्ही चायना ग्रास कितीही घाला, तो पाण्याला धरून ठेवतो पण चव आणि पोत बिघडवून. म्हणून मी आधी पाणी काढते आणि चायना ग्रास नावापुरता घालते. आणि पाणी काढलेलं दही म्हणजे आपल्याकडचा चक्का, त्याच्यापुढे डब्यातलं क्रीम चीज मला खरंच फिकं वाटतं.

चक्क्याबद्दल जरा सविस्तर सांगते कारण सत्तर टक्के काम इथेच होतं.

दूध म्हशीचं घ्या, फुल क्रीम. गाईच्या दुधाचा चक्का मऊ आणि कमी पडतो. दीड लिटर दूध तापवून कोमट करा, बोट बुडवलं तर सोसेल इतकं, आणि दोन चमचे ताजं, आंबट नसलेलं विरजण नीट मोडून घाला. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे चांगलीच थंडी असते, तेव्हा दही लागायला दहा-बारा तास जातात, मी पातेलं जुन्या शालीत गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवते. मार्चच्या मध्यापासून मात्र पाच तासात लागतं आणि सहाव्या तासाला आंबायला सुरुवात होते, म्हणून तुमच्या वेळेला लक्ष ठेवा, घट्ट कवडी दिसली की लगेच फ्रीजमधे. वेळ नसेल तर आपल्या नाशिकच्या दहीपुलाकडे किंवा तुमच्या सिडकोतल्या रोजच्या डेअरीतून सुटं घट्ट दही आणा, पण आणताना थोडं चाखून घ्या, जिभेला चरचरलं तर नको. प्लास्टिकच्या डब्यातलं दही घेणार असाल तर मागे घटक वाचा, काहींत घट्ट दिसावं म्हणून स्टार्च वगैरे घातलेला असतो, ते दही टांगलं तरी पाणी सोडत नाही.

आता बांधायचं. पातळ मलमल किंवा जुना धुतलेला सुती पंचा, डबल घडी. दही ओतलं की चारी टोकं एकत्र करून घट्ट गाठ मारा आणि पहिले दोन तास बाहेर टांगा, आमच्याकडे सिंकच्या वरच्या नळालाच टांगतात, मग ते गाठोडं चाळणीत ठेवून चाळण पातेल्यावर, वर ताटली, ताटलीवर वरवंटा किंवा पाण्याने भरलेला डबा, आणि सगळं रात्रभर फ्रीजमधे. उन्हाळ्यात पूर्ण रात्र बाहेर टांगू नका, सकाळपर्यंत आंबट होतं. मधे एकदा उघडून फडक्याला चिकटलेला थर चमच्याने सोडवून मधला ओला भाग बाहेरच्या बाजूला आणा, हे कुणी करत नाही पण यानेच आतलं पाणी निघतं. दीड किलो दह्याचा साधारण सहाशे ग्रॅम चक्का हातात येतो. तयार झालाय का हे कसं बघायचं तर चमचाभर चक्का टिश्यूवर किंवा वर्तमानपत्राच्या कागदावर दहा मिनिटं ठेवा, भोवती ओलं वर्तुळ पसरलं तर अजून दोन-तीन तास हवेत. फक्त चमच्याएवढाच डाग दिसला की झालं.

इतकं कोरडं का, तर श्रीखंड केलंय त्या प्रत्येकाला माहितीये की घट्ट गोळ्यासारखा चक्का साखर घातल्यावर अर्ध्या तासात सैल पडतो. साखर आतलं उरलंसुरलं पाणी ओढून बाहेर काढते. चीजकेकमधेही हेच होतं, फक्त आपल्याला ते उशिरा, फ्रीजमधून काढून साचा उघडल्यावर कळतं. तुमच्या कडेने सुटलेलं पाणी ते हेच.

पाणी निघालेला चक्का मग पुरणयंत्रातून फिरवायचा. हो, पुरणाचंच, बारीक जाळी लावून. मिक्सरमधे चक्का फिरवला की तो पातळ होतो, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली हमखास हीच चूक करतात, गुठळी दिसली की मिक्सर. पुरणयंत्रातून किंवा बारीक गाळणीवर वाटीच्या बुडाने घासून काढला की तो लोण्यासारखा होतो आणि घट्टपणा तसाच राहतो. निघालेलं दह्याचं पाणी टाकू नका, थालीपीठ भिजवा नाहीतर कढीत घाला.

आता माप. खाली जे देतेय त्यात एक सात इंची गोल चीजकेक होतो किंवा दहा-बारा छोटे ग्लास. चक्का 500 ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क 200 ग्रॅम म्हणजे नेहमीच्या टिनचा अर्धा, व्हिपिंग क्रीम 200 मिली, चायना ग्रासची पावडर 3 ग्रॅम म्हणजे एक सपाट चहाचा चमचा (काड्यांचं दहा ग्रॅमचं पाकीट मिळतं त्यातलं अर्धं), पाणी अर्धी वाटी, चिमूटभर मीठ, एका लिंबाची किसलेली साल, फक्त पिवळी, पांढरी आली तर कडू लागतं. वेलची-जायफळ हवं असेल तर जायफळ अगदी थोडं, नाहीतर सगळ्याला श्रीखंडाचाच वास येतो आणि पोरं म्हणतात हा केक नाही. बेसला मारी बिस्किटं 150 ग्रॅम आणि बटर 75 ग्रॅम.

क्रीमबद्दल एक गोष्ट, कारण यात खूप जण फसतात. छोट्या खोक्यातलं फ्रेश क्रीम मिळतं त्यात फॅट 25 टक्क्यांच्या आसपास असतं, ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही, भाजीत घालायला ठीक. फेटायला 30 टक्क्यांच्या वरचं लागतं, पाकिटावर व्हिपिंग असं स्पष्ट लिहिलेलं बघा. केकच्या सामानाच्या दुकानात गोठवलेलं व्हिप टॉपिंग मिळतं ते दुधाचं नसून वनस्पती तेलाचं असतं, आधीच गोड असतं आणि उन्हात जास्त टिकतं. मी स्वतः दुधाचंच वापरते, तोंडात जाडसर तेलकट थर राहत नाही म्हणून. पण मार्चच्या दुपारी, पहिल्यांदाच करताय, तर तेलाचं घेतलंत तरी चालेल, फक्त मग कंडेन्स्ड मिल्क 150 ग्रॅमवर आणा. दोन्हीला नियम एकच, क्रीम, भांडं आणि बीटर तिन्ही गार हवेत, भांडं पंधरा मिनिटं फ्रीजरमधे ठेवा. दुधाच्या क्रीमला बीटर उचलल्यावर टोक वाकतंय अशा अवस्थेला थांबा, पुढे गेलात तर लोणी सुटतं.

बेस. बिस्किटं पिशवीत घालून लाटण्याने ठेचा, रव्यापेक्षा थोडी जाड राहिली तरी बिघडत नाही, एकदम पीठ केलं तर बेस दगड होतो आणि कापताना सुरीखाली उडतो. ग्लुकोज बिस्किटं पण चालतात पण ती गोड असतात आणि वरचं मिश्रण गोडच आहे, म्हणून मला मारी बरी वाटते. मारीत मुळात तूप-तेल कमी म्हणून तिला बटर जास्त लागतं, बिस्किटांच्या निम्मं. आपलं नेहमीचं खारं बटरच घ्या, छान लागतं. तूप घालू का असं पण तुम्ही विचारलंय, घालता येतं, पण बटरमधे पाणी असतं तसं तुपात नसतं त्यामुळे 60 ग्रॅम पुरतं, मात्र फ्रीजमधे तूप फार कडक होतं आणि वास पुढे येतो, मी नाही घालत. मुठीत दाबल्यावर लाडू वळला आणि बोटाने ढकलल्यावर फुटला, म्हणजे माप बरोबर. वाटीच्या सपाट बुडाने दाबून बसवा, कडेला विशेष दाबा.

तुमचा बेस ओला झाला त्यावर माझा उपाय असा आहे, बेस अर्धा तास फ्रीजमधे गार झाला की 40 ग्रॅम व्हाइट चॉकलेट गरम पाण्यावर ठेवलेल्या वाटीत वितळवून ब्रशने वर पातळ फिरवायचं. तो थर घट्ट झाला की चक्क्याचा ओलावा खाली उतरत नाही, दुसऱ्या दिवशीसुद्धा बिस्किट कुरकुरीत राहतं. वितळवताना चॉकलेटमधे पाण्याचा थेंब किंवा वाफ जाऊ देऊ नका, एका थेंबाने ते आखडून रवाळ गोळा होतं.

आता चायना ग्रास, म्हणजे तुमच्या गुठळ्या. ही समुद्री शेवाळापासून होते, पूर्ण शाकाहारी, त्यामुळे सासूबाईंना निःशंकपणे द्या. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून येतं आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. जिलेटिन गार झाल्यावर फ्रीजमधे हळूहळू जमतं आणि तोंडाच्या उष्णतेने विरघळतं. चायना ग्रास विरघळायलाच जवळपास उकळतं पाणी लागतं, आणि साधारण पस्तीस-चाळीस डिग्रीच्या आसपास आलं की लगेच जमायला लागतं, फ्रीज लागतच नाही. तुम्ही बहुतेक फ्रीजमधला गार चक्का घेतलात आणि त्यात गरम चायना ग्रासचं पाणी ओतलंत. ते पाणी चक्क्याला लागलं त्याच क्षणी दोऱ्या-दोऱ्या होऊन जमलं, तेच तुमचं रबर. आणि बाकीच्या मिश्रणाला काही मिळालंच नाही म्हणून ते पातळ राहिलं. म्हणजे गुठळ्यांपुरती तुमची चूक फक्त तापमानाची, मापाची नाही.

म्हणून असं करा. चक्का गाळून झाला की तासभर ओट्यावर राहू द्या, थंडी मोडली पाहिजे. पावडर अर्धी वाटी गार पाण्यात दहा मिनिटं भिजवा, काड्या असतील तर कात्रीने बारीक तुकडे करून अर्धा तास. मग मंद गॅसवर उकळी आणा आणि उकळी आल्यावर दोन मिनिटं ढवळत शिजवा, चमच्याच्या मागच्या बाजूला एकही कण दिसायला नको. दिसला तर तो केकमधे वाळूसारखा लागणार. यात लिंबाचा रस किंवा द्राक्षाचा रस घालून उकळू नका, आंबटात उकळलं की चायना ग्रासची पकड कमी होते. गॅस बंद करून त्याच भांड्यात कंडेन्स्ड मिल्क घाला, याने ते सगळं एकजीव आणि दाट होतं. आता यात दोन मोठे चमचे चक्का घालून फेटा, परत दोन चमचे, परत फेटा, आणि हे कोमट मिश्रण मग मोठ्या चक्क्यात ओता. म्हणजे गरमात थोडं गार, मग ते सगळं मिळून गारात. लिंबाची साल, मीठ इथेच. शेवटी फेटलेलं क्रीम दोन हप्त्यात, उलथन्याने खालून वर घेत हलक्या हाताने, आणि इथून पुढे फोन आला तरी घेऊ नका, कारण क्रीम गार आहे, मिश्रण आता जमायच्या बेतात आहे, दोन-तीन मिनिटात साच्यात जायलाच पाहिजे. साचा ओट्यावर दोनदा आपटा, बुडबुडे वर येतात.

फ्रीजमधे सहा तास, रात्रभर उत्तम. फ्रीजर नको. घाईत फ्रीजरमधे टाकलं की वरून कडक वाटतं, पण आत बर्फाचे कण होतात आणि बाहेर काढल्यावर तेच पाणी होऊन गळतं, म्हणजे आपण रात्रभर वरवंटा ठेवून काढलेलं पाणी परत आत आणल्यासारखं. आणि झाकून ठेवा बरं का, चक्का कांद्या-लसणाचा वास पटकन घेतो.

वरचा थर. मार्च म्हणजे आपल्याकडे द्राक्षं, दुसरं काही शोधत बसायची गरजच नाही. हिरवी लांबट सोनाका किंवा थॉमसन दिसायला सुंदर, पण रंगासाठी काळी शरद सीडलेस घ्या. कारण सांगते, हिरवी द्राक्षं मिक्सरमधे फिरवली की रस दहा मिनिटात तपकिरी पडतो, कापलेल्या सफरचंदासारखा, आणि वाढदिवसाच्या टेबलावर तो रंग चांगला दिसत नाही. काळ्या द्राक्षाचा रंग सालीत असतो. अर्धा किलो द्राक्षं आधी मीठ-पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, बागेत फवारणी असते म्हणून हे चुकवू नका. त्यातली तीनशे ग्रॅम दोन चमचे साखरेबरोबर मंद गॅसवर झाकून ठेवा, सात-आठ मिनिटात साली फुटतात आणि गडद जांभळा रस सुटतो. गाळणीवर दाबून गाळा. सव्वा वाटीच्या आसपास रस येईल, कमी पडला तर पाणी घाला. वेगळ्या भांड्यात अर्धी वाटी पाण्यात 2 ग्रॅम चायना ग्रास उकळा, तसंच दोन मिनिटं, आणि मग तो कोमट रसात मिसळा. चमचाभर लिंबाचा रस शेवटी, रंग एकदम खुलतो.

ओतायची वेळ महत्त्वाची आहे. खालचा थर अगदी ओला असेल तर रस आत घुसतो, आणि रात्रभर जमून गुळगुळीत झाला असेल तर वरचा थर धरत नाही, कापताना काचेसारखा अख्खा सरकून बाजूला पडतो. साधारण दीड तासाने, बोट लावलं तर डाग पडेल पण चिकटणार नाही, तेव्हा ओता. उशीर झालाच तर काट्याने वर हलक्या रेघा मारा, मग धरतो. रस हाताला कोमट लागला पाहिजे, गरम ओतलात तर क्रीम वितळून जांभळ्या रसात पांढरे ओघळ येतात. चमचा उपडा धरून त्याच्यावरून सोडा म्हणजे खड्डा पडत नाही. उरलेली द्राक्षं पूर्णच ठेवा, कापू नका, कापलेलं द्राक्ष तासाभरात पाणी सोडतं. पुसून अगदी कोरडी करून वर मांडा.

स्ट्रॉबेरी करायची असेल तर आपल्या सुरगाणा-कळवणकडची येते, वणीच्या रस्त्याला टोपल्या घेऊन बायका बसलेल्या असतात, फळ छोटं असतं पण चव आणि वास भरपूर, शिजवून सॉस करायला मला मोठ्या स्ट्रॉबेरीपेक्षा हीच आवडते. मार्चअखेरीस संपत येते मात्र. एप्रिल-मेमधे हापूसचा आटवलेला रस, तेव्हा कंडेन्स्ड मिल्क निम्मं.

आणि काही फळांबद्दल कळकळीने सांगते. ताजा अननस, पपई आणि किवी, पिकलेले असले तरी, हे दुधाच्या कुठल्याही नो-बेक प्रकारात न शिजवता घालू नका. माझ्याकडून हे झालंय. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका डोहाळजेवणाची ऑर्डर होती, तीस ग्लास, त्यांना अननस हवा होता, मी ताजा छान पिकलेला अननस बारीक चिरून चक्क्यात मिसळला, रात्री चाखला तर अमृत. सकाळी एक ग्लास उघडला तर कडू, म्हणजे नुसता आंबट नाही, कारल्यासारखा कडवटपणा जिभेच्या मागे, आणि वर पाणी आलेलं. तीसच्या तीस ओतून दिले. त्यांना सकाळी आठ वाजता फोन केला, खरं ते सांगितलं, आणि दुपारपर्यंत साधं श्रीखंड आणि बिस्किटाचे थर लावून दिले. नंतर कळलं की अननसात दुधातलं प्रथिन तोडणारं एंझाइम असतं, त्यानेच कडूपणा येतो आणि जिलेटिन तर जमतच नाही, कारण तेही प्रथिनच. चायना ग्रास जमेल, पण दूध कडू होणं थांबत नाही. पाच-सात मिनिटं साखरेबरोबर शिजवला की ते एंझाइम मरतं आणि मग अननस खुशाल घाला. डब्यातला अननस शिजवलेलाच असतो, त्याला हा प्रश्न नाही. तेव्हापासून मी कुठलंही नवीन फळ आधी एका वाटीत चक्क्याबरोबर रात्रभर ठेवून बघते.

आता तुमच्या कार्यक्रमाबद्दल माझं स्पष्ट मत. बारा-तेरा पोरांसाठी मोठा चीजकेक कापून वाढायच्या भानगडीत पडू नका. पोरं येतात, आधी खेळतात, मग केक कापायला अर्धा तास फोटो, तोवर मार्चच्या उकाड्यात तो बसायला लागतो. वरचं माप दीडपट करा, त्यातला एक भाग पाच इंची छोट्या साच्यात, मेणबत्ती आणि फोटोसाठी, आणि बाकीचं बारा-तेरा छोट्या ग्लासात किंवा आपल्या आइस्क्रीमच्या वाट्यांत. ग्लासात बिस्किट दाबायचंसुद्धा नाही, नुसता चुरा, वर चक्का, वर द्राक्षाचा रस, प्रत्येकाला आपला ग्लास, भांडण नाही. ग्लासांसाठी चायना ग्रास निम्म्यावर आणा, तिथे उभं राहायची गरज नाही म्हणून जास्त मऊ केलेलं चांगलं लागतं. म्हणजे मिश्रण वेगवेगळं करावं लागेल, पण पाच मिनिटांचं काम आहे.

पाच इंची साचा नसेल तर स्टीलचा गोल डबा घ्या, तळाला बटर पेपर गोल कापून आणि कडेला जाड प्लास्टिकची पट्टी लावून, केकवाल्यांकडे ती मीटरवर मिळते. काढताना डब्याला बाहेरून गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं अर्धा मिनिट गुंडाळा आणि पट्टीला धरून उचला. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवायची, पुसायची, कापायचं, परत पुसायची. प्रत्येक कापाला. कंटाळवाणं आहे पण कडा तुम्हाला दुकानातल्यासारख्या हव्यात ना.

वेळापत्रक सांगते, रविवारी संध्याकाळी कार्यक्रम धरला तर शुक्रवारी सकाळी दूध विरजा, दही लागलं की थोडा वेळ फ्रीजमधे, शुक्रवारी संध्याकाळी दोन तास बाहेर टांगून रात्रभर वजनाखाली फ्रीजमधे, शनिवारी दुपारी बेस आणि मिश्रण, संध्याकाळी द्राक्षाचा थर, मग रविवारी तुम्हाला फक्त द्राक्षं मांडायचीत आणि फुगे फुगवायचेत. शनिवारी वीज गेली तर फ्रीजचं दार उघडू नका, बंद फ्रीज तीन-चार तास आरामात गार राहतो. रंगपंचमी त्याच आठवड्यात आली तर मात्र एक दिवस आधीच उरकून घ्या, रहाडीवरून (रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात त्या जुन्या हौदावरून) भिजून आलेली मंडळी दिवसभर फ्रीज उघडझाप करतात आणि पाण्याच्या बाटल्या कोंबतात, माझ्या घरचा अनुभव आहे, त्या दिवशी माझा कुठलाच साचा नीट जमत नाही.

टेबलावर मांडल्यापासून तासाभरात संपवा, उकाड्यात त्यापेक्षा जास्त वेळ बाहेर राहिलेलं परत फ्रीजमधे ठेवून दुसऱ्या दिवशी पोरांना देऊ नका. फ्रीजमधेच राहिलेलं तीन दिवस छान टिकतं.

आणि हे सगळं पहिल्यांदा वाढदिवसालाच करू नका. या आठवड्यात पाव किलो चक्क्याचे पाच-सहा ग्लास करून बघा, चायना ग्रासचं गणित हाताला कळलं पाहिजे, ते लिहून समजत नाही. एक ग्लास आधी सासूबाईंना द्या, गोड बरोबर आहे का ते त्या नीट सांगतील. गुठळी आली तर चक्का किती वेळ बाहेर होता आणि उकळी किती मिनिटं दिली एवढं मला लिहून पाठवा, मी सांगते कुठे अडलं ते.